म्हसावदच्या सूर्यास्ताचं कोष्टक

पुढे कापडाचं दुकान आणि मागे घर, अशी आमची म्हसावदची जागा होती. दोन्हींच्या मध्ये एक दार होतं आणि त्या दाराला आतून लोखंडी साखळी होती. हिवाळ्यात पावणेपाचच्या सुमाराला आणि उन्हाळ्यात सहाच्या सुमाराला माझी आई ती साखळी तीनदा वाजवी. तिला आम्ही बाई म्हणत असू. साखळीचा अर्थ ताटं वाढली आहेत, एवढाच होता. माझे वडील, म्हणजे भाऊ, गिऱ्हाईक समोर असलं तरी गजपट्टी खाली ठेवून उठत. डोंगरातून उतरून आलेल्या पावरा आणि भिल्ल गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं. ती ओट्यावर जाऊन बसत आणि विडी पेटवत. साखळी वाजायला उशीर झाला, तर त्यांच्यातलाच एखादा म्हातारा सांगे, "शेट, जाय, दिन बुडी ऱ्हायना," म्हणजे सूर्य बुडतो आहे. आत स्टोव्हचा फरफर आवाज, परातीवर भाकरी थापल्याचा आवाज आणि भाजलेल्या पापडाचा वास असे. ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, कधी गट्ट्याची भाजी, कधी कळण्याची भाकरी आणि ठेचा. सूर्य मावळायच्या आत भांडी घासून पालथी पडत. त्यानंतर सकाळपर्यंत आमच्या घरात कुणी काही खात नसे. पाणी चाले.

हा नियम मला कुणी समजावून सांगितल्याचं आठवत नाही. आम्ही जैन, रात्री जेवत नाही, हे मला माझं नाव जसं माहीत होतं तसं माहीत होतं. माझ्या आजोबांचे वडील राजस्थानातून इकडे आले. घरात आम्ही मारवाडी बोलत असू, दुकानात अहिराणी आणि शाळेत पुस्तकातलं मराठी. घरातलं बोलणं मी इथे मराठीत देते आहे. लग्नाला गेलो तरी वऱ्हाडाच्या पंगतीआधी आमची वेगळी पंगत बसे. शाळेची सहल तोरणमाळला गेली तेव्हा बाईंनी (या शाळेच्या बाई) पाच वाजता मला आणि आणखी एका मुलीला झाडाखाली बसवून डबे उघडायला लावले होते. अठरा वर्षांत एकदाही नियम मोडला नाही, याचा मला थोडा अभिमानही होता. तो अभिमान तपासून पाहायची वेळ आली नव्हती.

शहाद्यातल्या एका सेवाभावी क्लबचे भाऊ सभासद होते. त्या क्लबची परदेशातल्या क्लबांशी मुलांची देवाणघेवाण चाले. इकडचं एक मूल दहा महिने तिकडच्या घरी राहायचं, तिकडचं इकडे. त्या वर्षी एका डॉक्टरांच्या मुलाची निवड झाली होती, पण त्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि जागा रिकामी झाली. मी बारावी झाले होते, वक्तृत्वात दोन ढाली मिळवल्या होत्या. सभेत कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि भाऊंना सगळ्यांसमोर नाही म्हणता आलं नाही. मी स्वतः त्या काळात एकाच गोष्टीच्या मागे होते. मला पुण्याला जाऊन शिकायचं होतं, पुढे वर्तमानपत्रात काम करायचं होतं. आमच्या नात्यात बारावीनंतर मुलगी घराबाहेर शिकायला गेलेली नव्हती आणि माझ्यासाठी धुळ्याचं एक स्थळ जवळजवळ ठरल्यासारखं होतं. निरोपाच्या कार्यक्रमात भाऊंना चार शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "जशी जाते आहे तशीच परत आली, आपले नियम पाळून आली, तर मी तिला पुण्याला पाठवीन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. धुळ्याच्या स्थळाचे काका पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनीही वाजवल्या.

देश नॉर्वे होता. नकाशात तो आम्ही शोधून काढला. बाईने दोन डबे खाकरे, एक डबा मुगाच्या वड्या आणि चार प्रकारची लोणची बांधली. शिवाय जैन पंचांगातून सूर्योदय-सूर्यास्ताची पानं काढून, माझी धाकटी बहीण मंजू हिच्याकडून म्हसावदच्या वेळा एका वहीच्या कागदावर सुबक अक्षरात उतरवून घेतल्या. दर आठवड्याला एक ओळ, असं वर्षभराचं कोष्टक होतं. परदेशातला सूर्य वेगळ्या वेळी मावळत असेल, हे बाईला कळत नव्हतं असं नाही. तिने विचारलंही होतं आणि भाऊंनी सांगितलं होतं की पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. शेजारच्या पाटलीण इंदूबाई, ज्यांच्याकडून आमचं दूध येई, कोष्टक बघून म्हणाल्या, "तठे काय सूर्य नई का? खिडकीतून देखशी नि जेवशी." आम्ही हसलो. इथे मला नोंद करायला हवी की दहावीच्या भूगोलात 'ध्रुवीय प्रदेशात हिवाळ्यात सूर्य उगवत नाही' हे उत्तर मी लिहिलं होतं आणि त्याचे दोनपैकी दोन गुण मिळवले होते. त्या उत्तराचा माझ्या जेवणाशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. घरात इतर कुणाच्याही आलं नाही.

समुद्राचा एक लांब फाटा डोंगरात शिरतो आणि त्याच्या टोकाला ते गाव होतं. म्हसावदच्या अर्ध्याहूनही लहान. माझी यजमानीण बेरित टपाल कचेरीत काम करी, तिचा नवरा आर्ने फेरीबोटीवर. त्यांची मुलं मोठी होऊन शहरात गेली होती. दोघंही पन्नाशीची होती, कमी बोलणारी. क्लबच्या अर्जावर 'आहार' या रकान्यात मी लिहिलं होतं: शाकाहारी, सूर्यास्तानंतर जेवत नाही. बेरितने तो अर्ज महिनाभर आधी वाचला होता आणि आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर हिशेब करून पाहिला होता. तिसऱ्या दिवशी तिने मला कॅलेंडरसमोर उभं केलं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिने पेन्सिलने एक रेघ ओढली होती. या दिवसांत आमच्या गावाला सूर्य दिसत नाही, ती म्हणाली, अर्धा दोष डोंगराचा आहे पण उरलेला खरोखरच सूर्याचा. मग तिने अतिशय गंभीरपणे विचारलं की तीन महिने न जेवण्याची तुमच्याकडे पद्धत आहे का. तिने क्लबला फोन करून हे विचारलं होतं आणि क्लबलाही माहीत नव्हतं.

तो ऑगस्ट होता आणि रात्री साडेनऊला बाहेर लख्ख उजेड होता. मी म्हणाले, काहीतरी होईल. सप्टेंबरपर्यंत खरोखरच काही अडचण आली नाही. त्यांचं मुख्य जेवण साडेचारला असे आणि मी त्यांच्याबरोबर जेवे: उकडलेले बटाटे (कंदमुळं आमच्या घरी वर्ज्य नव्हती), कोबी, वाटाणे, काळा पाव आणि तपकिरी रंगाचं एक गोडसर चीज, जे मला करपलेल्या खव्यासारखं लागे आणि म्हणून आवडे. माशाचं भांडं ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवत. मी रोज खिडकीतून बघे, सूर्य असे, मी जेवे. इंदूबाईंचा सल्ला मी तंतोतंत पाळत होते. ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य जेवणाच्या आधी डोंगरामागे जाऊ लागला. त्या आठवड्यात दिवाळी होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी बॅगेतून मंजूच्या अक्षरातलं कोष्टक काढलं. म्हसावदला सूर्य पावणेसहाच्या पुढे मावळतो, म्हणजे इथल्या घड्याळाने दुपारी सव्वा वाजल्यानंतर. माझं मनगटी घड्याळ मी भारताच्या वेळेवरच ठेवलं होतं. मी ठरवलं की आजपासून आपण म्हसावदच्या सूर्याने जेवायचं.

बेरितने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. म्हणाली, "सप्टेंबरमध्ये संध्याकाळी तू आमच्याबरोबर जेवत होतीस, तेव्हा तुझ्या गावात रात्र झालेली असायची. तेव्हा तू आमचा सूर्य धरलास. आता तुझा धरते आहेस. नक्की कुणाचा?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टपाल कचेरीत चुकीच्या पिनकोडबद्दल ती ज्या सुरात विचारत असेल, त्या सुरात तिने विचारलं. मला राग आला. पुढच्या आयुष्यात मी अनेकांना असे प्रश्न विचारले आहेत आणि समोरच्याला राग आला की उत्तर जवळ आहे, हे ओळखायला शिकले आहे. तेव्हा मी फक्त म्हणाले की हा आमच्या धर्माचा भाग आहे, आणि खोलीत निघून गेले.

मग काळोख आला. पूर्ण काळोख नसतो, हे सांगायला हवं. दुपारी दोन-तीन तास आकाश निळं होतं, बर्फ निळं दिसतं, माणसांचे चेहरेही. मग पुन्हा दिवे. शाळेत अकरा वाजता मी डब्यातला पाव खाई. बेरित कामावर जाण्याआधी माझं जेवण वेगळं करून ठेवी आणि मी शाळेतून धावत येऊन सव्वाच्या आत एकटी जेवे. रविवारी ती माझ्यासाठी साडेबाराला एकदा आणि स्वतःसाठी साडेचारला पुन्हा चूल पेटवी. साडेचारला मी पाण्याचा पेला घेऊन त्यांच्या टेबलाशी बसे. आमच्या घरी यात काहीच विशेष नसतं. पर्युषणात उपवास करणारा माणूस जेवणाऱ्यांना आग्रहाने वाढतो आणि कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. पण आर्नेला माझ्यासमोर जेवता येईना. चार-पाच दिवस त्याने मान खाली घालून कसंबसं जेवण उरकलं. नंतर तो आपलं ताट उचलून दिवाणखान्यात जाऊ लागला. बेरित टेबलाशी एकटी जेवे आणि मी तिच्यासमोर पाणी पीत असे. तीस वर्षं ती दोघं त्या टेबलावर एकत्र जेवली होती.

या दहा-बारा आठवड्यांत मला भूक फारशी लागली नाही. त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. बेरित सकाळी सहाला उठून माझ्या बटाट्यांची सालं काढते, हे मला माझ्या खोलीतून ऐकू येई. एका सकाळी तो सुरीचा आवाज ऐकत पडले असताना मला बाईची आठवण आली, पण नेहमीसारखी नाही. बाई चार वाजता स्वयंपाकघरात जाई. तिने दुपारी डोळा मिटलेला मी पाहिला नव्हता. घरी कुणाला ताप असला, पाहुणे असले, होळीच्या तोंडावर भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजाराआधी दुकानात पाय ठेवायला जागा नसली, तरी साखळी वेळेवर वाजे. अठरा वर्षं नियम मी पाळते असं मी समजत होते. पाळत बाई होती. मी जेवत होते. आणि आता तेच काम, नियमाशी काही देणंघेणं नसलेली एक परकी बाई, बर्फातून कामावर जाण्याआधी करत होती. नियमातला माझा स्वतःचा वाटा किती, हा प्रश्न मला घरी पडला नसता. तो पडायला सूर्य नसलेलं गाव लागलं.

फेब्रुवारीत सूर्य परत येतो तो दिवस त्या गावात सणासारखा असतो. शाळा लवकर सुटते. समोरच्या डोंगरात एक खिंड आहे आणि दुपारी दोनच्या सुमाराला, आकाश स्वच्छ असेल तर, त्या खिंडीतून तो काही मिनिटं दिसतो. सगळं गाव धक्क्यावर जमलं होतं. बायकांनी टोपल्यांतून गोल, साखर लावलेले, आत जॅम भरलेले पाव आणले होते. त्या पावाला सूर्याचंच नाव आहे आणि सूर्य दिसला की तो खायचा. बेरितने माझ्यासाठी अंडं न घालता वेगळे केले होते आणि त्यांवर खूण म्हणून साखर कमी लावली होती. मी पाव हातात घेऊन घड्याळ बघितलं. म्हसावदला सहा वाजून चौतीस मिनिटं झाली होती. कोष्टकात त्या आठवड्याचा सूर्यास्त सहा पंचवीस होता. तेवढ्यात लोक खिंडीकडे वळले. खिंडीच्या कडेला आधी एक पिवळी रेघ आली, मग तो आला. बर्फावर सावल्या पडल्या. तीन महिन्यांत मी स्वतःची सावली पाहिली नव्हती. आर्नेने टोपी काढली. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्या कोपराला हात लावून खुणेने सांगितलं, खा. माझ्या मनगटावर सूर्य मावळला होता आणि माझ्या तोंडावर ऊन होतं. मी खाल्लं.

तेवढ्यावर थांबले असते तर मला स्वतःचं समर्थन करता आलं असतं. सूर्य डोळ्यांसमोर होता, कोणत्याही साधूने मला दोष दिला नसता. पण त्याच दिवशी साडेचारला, बाहेर पुन्हा काळोख झाल्यावर, आर्ने ताट घेऊन उठला तेव्हा मी त्याला म्हणाले, बसा. आणि डावाने दोन बटाटे माझ्या ताटात घेतले. बेरितने लोण्याची वाटी माझ्याकडे सरकवली. मी जेवले आणि मला जे वाटलं तो पश्चात्ताप नव्हता. खूप दिवस घट्ट बांधलेला बूट सोडल्यावर पायाला वाटतं तसं वाटलं. पुढचे साडेतीन आठवडे, दिवस पुरेसा मोठा होईपर्यंत, मी बहुतेक रोज काळोखात त्यांच्याबरोबर जेवले. मला कुणी भाग पाडलं नव्हतं आणि मी विसरलेही नव्हते. मी ठरवून जेवले. माझ्या आयुष्यात मी स्वतः ठरवलेली ती पहिली गोष्ट असावी.

घरी लिहिलं नाही. पत्रात बर्फ, शाळा, फेरीबोट एवढंच असे. मार्चमध्ये मंजूचं पत्र आलं. बाईला लिहिणं फारसं जमत नसे, म्हणून घरची पत्रं मंजूच लिही. तिने लिहिलं होतं: 'तू गेलीस त्या दिवसापासून बाईने दूध सोडलं आहे, तुझा नियम मोडू नये म्हणून. चहासुद्धा कोरा घेते. तुला कळवू नको म्हणाली होती, पण मी कळवते. तू आलीस की तुझ्या हातून दूध घेऊन पारणं करणार आहे, मावश्यांना बोलावणार आहे.' पत्र मी टपाल कचेरीतच उघडलं होतं. बेरित काउंटरच्या पलीकडे होती. तिने विचारलं, वाईट बातमी? मी म्हणाले, नाही, घरी सगळे बरे आहेत.

मे महिन्यात तिथे सूर्य मावळायचाच थांबला. चोवीस तास जेवण्याची मुभा असलेल्या त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. हिशेब सोपा होता. खोटं बोलले तर पुणं मिळेल आणि बाईला एक खोट्या हाताने दिलेला दुधाचा पेला मिळेल. खरं बोलले तर बाईचं दहा महिन्यांचं व्रत वाया गेलं असं ठरेल आणि मी धुळ्याला जाईन. गावात दोन माणसांशिवाय हे कुणालाही माहीत नव्हतं आणि ती दोघं म्हसावदला कधी येणार नव्हती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी परत आले. नंदुरबार स्टेशनवर भाऊ, मंजू आणि क्लबचे दोन सभासद हार घेऊन उभे होते. जीपमधून म्हसावदला जाताना केळीच्या बागांना पाणी चाललेलं होतं आणि सातपुडा धुळीमागे नेहमीच्या जागी होता. ऊन इतकं होतं की मला डोळे उघडे ठेवता येईनात, आणि मला ते फार आवडलं. इंदूबाई दारातच भेटल्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "गोरी व्हयनी नई, जाडी व्हयनी. तठे खावाले देतस वाटते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुन्ही मायनं मन्हं पावशेर दूध बंद करं शे. आते चालू कर माय." पारणं तिसऱ्या दिवशी होतं. दोन मावश्या आदल्या रात्री येणार होत्या.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी स्वयंपाकघरात गेले. बाई भाकरी थापत होती, मंजू ताटं पुसत होती. बाईचे हात मनगटाशी बारीक झाले होते. मी उभ्यानेच सांगितलं, कारण बसले असते तर बोलले नसते.

"बाई, मी तिथे काळोखात जेवले."

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "किती दिवस?"

"साडेतीन आठवडे. बहुतेक रोज."

"आजारी होतीस?"

"नाही."

"कुणी जबरदस्ती केली?"

"नाही. मीच वाढून घेतलं."

भाकरी उलटली गेली. मी सगळं सांगितलं: सूर्य उगवत नाही, बेरित सकाळी उठून वेगळं करायची, आर्ने ताट घेऊन बाहेर जायचा. बाईने मध्येच विचारलं, की त्या बाईला नोकरी करून माझ्यासाठी रोज दोनदा चूल पेटवावी लागायची का. मी हो म्हणाले. ती म्हणाली, "तीन महिने? आणि तू बसून बघत होतीस?" माझ्यावर ती त्या दिवशी रागावली ती एवढ्याच मुद्द्यावर. मग मी दुधाचं काढलं. म्हणाले, माझ्यामुळे तुझं व्रत फुकट गेलं, उद्याचं पारणं माझ्या हातून नको.

"दुधाचं तुला कुणी सांगितलं?"

"मंजूने लिहिलं होतं. माझा नियम मोडू नये म्हणून तू सोडलंस, असं."

बाईने मंजूकडे पाहिलं. "असं मी कधी म्हणाले?"

मंजू ताट पुसतच राहिली. म्हणाली, "मग दुसरं कशाला सोडणार? मला वाटलं तेच असेल."

"तू सुखरूप येईपर्यंत दूध नाही, एवढंच मी म्हटलं होतं," बाई मला म्हणाली. "तुझ्या जेवणाचा त्यात काय संबंध? तू आलीस. उद्या दूध तूच देशील."

पुढे तेहतीस वर्षं बातम्या तपासताना, कुणी एखाद्या घटनेला 'म्हणून' जोडून कारण दिलं की मी ते कुणी सांगितलं हे विचारत आले. त्यामागे मंजूचं ते पत्र आहे. त्या क्षणी मात्र मी खाली बसले आणि पिठाच्या डब्याला टेकले.

बाईने तेवढ्यावर सोडलं नाही. "काळोखात जेवलीस त्याचं प्रायश्चित्त महासतीजींना विचारून घे, ते तुझं तू बघ," ती म्हणाली. महासतीजी म्हणजे आमच्या साध्वी. "पण भाऊंना आजच सांगायचं. मी सांगणार नाही. तू सांग." आणि हात पुसून तिने मधल्या दाराची साखळी तीनदा वाजवली.

भाऊ जेवत असताना मी सांगितलं. ते ऐकताना त्यांनी जेवण थांबवलं नाही. शेवटी ताटात पाणी ओतलं, बोटाने ताट धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून आमच्याकडे मोठी माणसं असं करतात. ताट कोरडं करून त्यांनी बाजूला ठेवलं.

"क्लबात विचारतील," ते म्हणाले.

"मी हेच सांगेन."

"धुळ्याचे काका असतील तिथे."

"त्यांच्यासमोर सांगेन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुकानात कापडाचा धागा उजेडात धरून बघताना त्यांची नजर अशी असे. म्हणाले, "मला न सांगता तू पुण्याला जाऊ शकली असतीस."

"हो."

"हं," ते म्हणाले आणि उठले. दुकानात कुणीतरी हाका मारत होतं. मला वाटलं, विषय संपला आणि मी हरले. मी मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडत राहिले. भाऊ मधल्या दारापर्यंत गेले, थांबले आणि न वळता म्हणाले, "पुण्याचे अर्ज निघाले असतील. होस्टेलात जेवण किती वाजता मिळतं तेही विचारून घे. उशिरा असेल तर बाहेरून डबा लावावा लागेल. आणि लावायचा की नाही ते तू ठरव."

दार लागलं. पलीकडून त्यांचा नेहमीचा आवाज आला, गिऱ्हाइकाला लुगड्याचा पन्हा सांगणारा. मंजूने ताट खाली आपटलं आणि तोंडावर हात घेतला. बाईने माझ्या ताटात न विचारता दुसरी भाकरी टाकली, वर तुपाची धार सोडली. मला पहिल्यांदाच कळलं की मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं, आणि मी जेवू लागले. बाई समोर बसून माझं जेवण बघत होती. काही वेळाने तिने विचारलं, "पुण्याला तरी सूर्य रोज उगवतो ना?"

उगवतो, असं मी तिला सांगितलं.